मायनर लीग बेसबॉलच्या (मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या खालच्या स्तराच्या) मैदानांच्या दुरुस्तीला अमेरिकेत करदात्यांनी पैसे का द्यायचे?

कारण बरीचशी मैदानं शहराच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मालकीची असतात, संघ नुसता भाडेकरू. पण वाद पेटला तो २०२१ पासून. मेजर लीगने मायनर लीगचा कारभार ताब्यात घेतला, मेजर लीगच्या संघांशी जोडलेले मायनर लीग संघ १६० वरून १२० केले आणि मैदानांसाठी कडक निकष लावले: चांगले दिवे, मोठ्या ड्रेसिंग रूम, महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र सोय. मागण्या रास्तच आहेत, पण नियम करणारा एक आणि खिसा रिकामा होणार दुसऱ्याचा!

शहराने पैसे द्यायला नकार दिला तर संघ दुसरीकडे जाण्याची भीती असते, आणि ती पोकळ नाही. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचा संघ स्टेडियमचा घोळ न सुटल्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला गेला. तरीही ओरेगॉनमधल्या यूजीनच्या मतदारांनी मे २०२४ मध्ये नव्या स्टेडियमसाठीचे दीड कोटी डॉलरचे कर्जरोखे फेटाळले.

‘स्टेडियममुळे गावात पैसा येतो’ हे बहुतेक अर्थतज्ज्ञांना पटत नाही; लोक सिनेमा-हॉटेलवरचाच खर्च तिकडे वळवतात. माझ्या मते, शहराने पैसे द्यावेत, पण आधी दीर्घ मुदतीचा भाडेकरार लिहून घ्यावा.