सामायिक मीटर थकलं, पण मी तर सगळं भरलंय!

प्रश्न : आमच्या इमारतीत अठरा सदनिका आहेत. सोसायटी नोंदवून सहा वर्षं झाली, तरी जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं सामायिक मीटर अजून बिल्डरच्याच नावावर आहे. पाच सदनिकाधारक वर्षभर मेंटेनन्स देत नाहीत. त्यातले दोघं तळमजल्यावरचे. आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग पैसे कशाचे, असं त्यांचं म्हणणं. सोसायटीच्या खात्यात पैसे नाहीत म्हणून पाच महिन्यांचं सामायिक बिल थकलं. आता वीज कंपनीची पंधरा दिवसांची नोटीस आली आहे आणि त्यातले नऊ दिवस संपले. नोटिशीत बिल्डरच्या काळातली जुनी थकबाकीही धरली आहे. मागच्या वर्षी दोन दिवस पुरवठा तोडला होता, तेव्हा आईला डायलिसिससाठी चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली उतरवावं लागलं. मी एकही महिना चुकवलेला नाही. सेक्रेटरी म्हणतात, थकबाकीदारांच्या घरांचे फ्यूज काढून टाकू. एक शेजारी म्हणतात, तुमच्या घरच्या मीटरवरून पंपाला वायर ओढू. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या हातात सहा दिवस आहेत. चूक कुणाची याचा निकाल त्या सहा दिवसांत लागणार नाही, आणि आईंच्या डायलिसिसचा वार तेवढं थांबणार नाही. म्हणून आधी वीज टिकवायचं बघू.

वीज कंपनीच्या दप्तरी तुमच्या इमारतीत एकोणीस ग्राहक आहेत. अठरा घरांचे अठरा आणि सामायिक मीटरचा एकोणिसावा. तुमच्या मेंटेनन्सच्या पावत्या सोसायटीच्या वहीत आहेत, कंपनीला त्यांच्याशी देणंघेणं नाही. एकोणिसाव्या ग्राहकाचं बिल थकलं, की वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ खाली पंधरा स्पष्ट दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपनी त्या मीटरचा पुरवठा तोडू शकते. ‘स्पष्ट’ म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस आणि तोडण्याचा दिवस, दोन्ही मोजायचे नाहीत. नोटीस हातात कधी पडली ते बघा, पाकीट जपून ठेवा. एखादा दिवस त्यातूनही मिळतो. याच नियमाची दुसरी बाजू तुमच्या बाजूनं आहे. सामायिक मीटरच्या थकबाकीसाठी तुमच्या घरचा पुरवठा कंपनीला तोडता येणार नाही. तो तुमचा आणि कंपनीचा स्वतंत्र व्यवहार आहे.

आता नोटिशीतली रक्कम दोन भागांत फोडा. अलीकडचे पाच महिने ही तुमच्या इमारतीनं वापरलेली वीज आहे, त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. ती पूर्ण भरा. बिल्डरच्या काळातल्या रकमेवर मात्र लेखी हरकत घ्या. कलम ५६ च्याच परंतुकात, म्हणजे ‘परंतु’नं सुरू होणाऱ्या अपवादात, म्हटलं आहे, की मागणीबद्दल वाद असेल तर कंपनीनं मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीनं दर महिन्याला निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हक्क राखून भरली, की वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. पत्रात ‘हक्क राखून भरत आहोत’ हे शब्द असलेच पाहिजेत. कोणती रक्कम कोणत्या महिन्यांपोटी, हेही महिन्यांच्या नावांसह लिहा. नाही लिहिलं तर तुमचे पैसे आधी जुन्या थकबाकीत जिरतील आणि चालू महिने तसेच उभे राहतील. पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

मीटर बिल्डरच्या नावावर आहे म्हणून तुमचं पत्र घेणार नाही, असं कुणी म्हणालं तर कलम २ चं पोटकलम १५ दाखवा. ज्याच्या जागेला वीजपुरवठा जोडलेला आहे तोही कायद्यानं ग्राहकच आहे. सोसायटीला बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे.

पण पैसे आणायचे कुठून? खरी अडचण हीच आहे. तुम्ही तेरा जण नियमानं भरणारे आहात. पाच जणांच्या वाट्याचं आम्ही का भरावं, ही तुमची चीड मला समजते आणि ती रास्त आहे. तरीही सांगतो, तेरा जणांनी वर्गणी काढून हे पैसे भरा. मात्र दान म्हणून नाही, त्या पाच जणांच्या नावावरचं कर्ज म्हणून. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६९ नुसार, दुसऱ्यानं जे पैसे देणं कायद्यानं भाग आहे ते, आपलं हित त्यात गुंतलेलं असल्यामुळे एखाद्यानं भरले, तर त्याला ते त्या माणसाकडून परत मागता येतात. वीज तुटली तर पाणी नाही, लिफ्ट नाही, तुमची आई चौथ्या मजल्यावर अडकणार. यापेक्षा गुंतलेलं हित दुसरं कोणतं?

त्यासाठी समितीची तातडीची बैठक घ्यायला लावा, सर्वसाधारण सभेची वाट बघत बसू नका. ठरावात लिहा, की अमुक पाच सदनिकांच्या थकबाकीमुळे सामायिक बिल भरता आलं नाही, तेरा सभासद प्रत्येकी अमुक रक्कम सोसायटीला देत आहेत आणि वसुली होताच ती त्यांना परत मिळेल. प्रत्येकाला तशी पावती हवी. पैसे सोसायटीच्या खात्यातच जाऊ द्या, सेक्रेटरींच्या हातात नकोत. समितीनं टाळाटाळ केली, तर ग्राहक क्रमांकावर तुम्ही स्वतःही बिल भरू शकता. कंपनी भरणाऱ्याचं नाव बघत नाही. फक्त त्याआधी समितीला तसं लेखी कळवा.

सेक्रेटरींना मात्र फ्यूजला हात लावू देऊ नका. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण अशा प्रकरणांत थकबाकीदाराची बाजू एका रात्रीत भक्कम झालेली मी पाहिली आहे. कालपर्यंत पैसे बुडवणारा माणूस दुसऱ्या दिवशी तक्रारदार म्हणून पोलीस ठाण्यात उभा राहतो आणि समिती आरोपी होते. आपण ज्याला मोफा म्हणतो त्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याच्या कलम १२अ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की बिल्डर असो, सेक्रेटरी असो की समिती सदस्य, इमारतीचा कारभार बघणाऱ्यानं योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय सदनिकाधारकाची अत्यावश्यक सेवा तोडायची नाही, कमीही करायची नाही. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सगळं त्यात येतं. तसं केलं तर न्यायालय सेवा पूर्ववत करायला लावतं, शिवाय शिक्षेची तरतूद आहे. मेंटेनन्स थकला हेच योग्य कारण, असं सेक्रेटरी म्हणतील. माझं मत तसं नाही. वसुलीचा सरळ मार्ग कायद्यानं दिलेला असताना कुणाच्या घरात अंधार करणं योग्य कारणात बसत नाही. त्या घरात भाडेकरू राहत असेल तर त्याचा तर या थकबाकीशी संबंधच नाही. देणं सभासदाचं आहे.

शेजाऱ्यांची वायरही नको. हेतू चांगला आहे, पण तुमच्या घरासाठी मंजूर झालेली वीज तुम्ही दुसऱ्या जागेसाठी वापरली, की वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दरानं होते, आणि वापर कधीपासून चालू आहे ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होऊ शकते. ती सगळी तुमच्या नावावर! तोडलेलं मीटर कुणी परस्पर जोडलं, तर तो कलम १३८ खाली गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्ही एकही महिना चुकवलेला नाही. त्या पुण्याईवर एका वायरीनं पाणी फिरवू नका.

आता जुनी थकबाकी. कंपनीच्या कार्यालयात अर्ज करून सामायिक मीटरचा सीपीएल मागा. म्हणजे त्या ग्राहक क्रमांकाचा महिन्यागणिक हिशेबाचा उतारा. त्यात एकच गोष्ट शोधायची आहे: बिल्डरच्या काळातली रक्कम दर महिन्याच्या बिलात थकबाकी म्हणून सलग दाखवत आले आहेत का, की मधली वर्षं गायब राहून ती आत्ता अचानक उगवली? कलम ५६ चं पोटकलम २ सांगतं, की रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, अपवाद फक्त सलग दाखवलेल्या थकबाकीचा. सलग नसेल तर तिच्यासाठी पुरवठा तोडण्याची धमकी टिकणार नाही. याचा अर्थ ती रक्कम बुडाली असा मात्र घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात म्हटलं आहे, की ही दोन वर्षांची अट दिवाणी दाव्याच्या आड येत नाही, आणि नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. महाराष्ट्राच्या वीज पुरवठा संहितेत तशी तरतूद आहे, पण तिला मर्यादाही आहे: वारस सोडून इतर नव्या मालकावर आधीच्या मालकाची जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी येते. तुमच्या हरकतीच्या पत्रात दोन वर्षांची अट आणि सहा महिन्यांची मर्यादा, हे दोन्ही मुद्दे घ्या.

कंपनीनं ऐकलं नाही, तर वीजग्राहकांसाठीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथं वकील लागतोच असं नाही. तक्रारीसोबत पुरवठा तोडू नये असा अंतरिम आदेश मागा आणि आईंच्या डायलिसिसचं रुग्णालयाचं वेळापत्रक जोडा. मंचाच्या निर्णयानं समाधान झालं नाही, तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

बिल्डरला सोडू नका. मोफाच्या कलम ६ प्रमाणे मालमत्ता हस्तांतरित होईपर्यंतचे कर, पाणीपट्टी, वीज ही देणी त्याची आहेत, आणि ती थकवून त्यानं मालमत्ता सोपवली तरी त्याची जबाबदारी संपत नाही. सोसायटीला जी जुनी रक्कम भरावी लागेल ती व्याजासह मागणारी नोटीस त्याला वकिलामार्फत आत्ताच जाऊ द्या.

राहिले पाच थकबाकीदार. तळमजल्यावरच्या दोघांना आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, वाचायला द्या. लिफ्टचा खर्च, ती चालवण्याच्या खर्चासह, त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा आहे. कुणी वापरो वा न वापरो. आणि पंपाचं पाणी तर तळमजल्यावरही येतंच ना? तरीही ऐकलं नाही, तर समितीनं सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा. दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यात जप्तीही येते. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर थकबाकीदाराला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक समित्यांचं घोडं कागदपत्रांपाशीच अडतं: मेंटेनन्सची बिलं दिलेलीच नसतात, स्मरणपत्रं तोंडी असतात, व्याज सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय लावलेलं असतं. सभेनं ठरवलं असेल तर नियमांतल्या कमाल दरापर्यंत सरळ व्याज घेता येतं, त्याहून जास्त नाही, चक्रवाढ तर नाहीच. पाचही जणांची सभासदनिहाय खाती, दिलेली बिलं आणि पोच असलेली स्मरणपत्रं या आठवड्यातच एका फाइलमध्ये लावून घ्या.

या सगळ्यासोबत मीटर सोसायटीच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. सहा वर्षं ते बिल्डरच्या नावावर राहिलं म्हणूनच जुना हिशेब आज तुमच्या दारात आला. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, समितीचा ठराव आणि शेवटचं भरलेलं बिल जोडा. थकबाकीचं हरकतपत्र देण्यासाठी जाल, तेव्हाच हाही अर्ज त्याच खिडकीवर द्या.