कव्हर सापडलं की आधी गाणाऱ्याचं नाव लिहून घ्या

जुन्या इंग्रजी पॉप गाण्यांची नवी कव्हर्स (म्हणजे दुसऱ्या कुणी पुन्हा गायलेली रूपं) शोधायला गेलं की तीच गिटार आणि तोच कुजबुजता आवाज पुढे येतो, असं तुम्ही लिहिलंय. पण मी अडले ते तुमच्या शेवटच्या ओळीपाशी: मागच्या महिन्यात सेव्ह केलेलं एक कव्हर आता दिसतच नाही. माझं सगळं तिथेच गेलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय. प्लेलिस्ट कशी करायची वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडते.

एका व्हिडिओ सेवेवर सहा वर्षं जमवलेली माझी यादी होती, तीनशेच्या वर कव्हर्स. एके सकाळी बघते तर जवळजवळ एक तृतीयांश गायब. ओळी होत्या, पण नावाच्या जागी फक्त 'हटवलेला व्हिडिओ'. गाणी गेल्याचं दुःख होतंच, पण काय गेलं हेच कळेना, ते जास्त लागलं. त्यात 'टेंटेड लव्ह'चं एक कव्हर होतं: एका बाईचा खालच्या पट्टीतला आवाज, मागे फक्त चेलो हे तंतुवाद्य. त्या गायिकेचं नाव मी कधी नीट वाचलंच नव्हतं.

त्या सेवेच्या मदत विभागाला लिहिलं. पहिलं उत्तर: ॲप काढून पुन्हा टाका. दुसरंही तेच, फक्त सही वेगळी. तिसऱ्यांदा 'हक्कधारकाचा निर्णय' म्हणून तक्रार बंद केली. मी गाणी परत मागत नव्हते हो, माझ्याच खात्यातल्या यादीतली नावं मागत होते. तेवढंही कुणी वाचलं नाही.

हे का होतं ते नंतर समजलं. (मी वकील नाही, वाचून जेवढं कळलं तेवढं सांगते.) गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्याचं ऑडिओ कव्हर ठरलेली रॉयल्टी भरून करता येतं, रचनाकाराला नाही म्हणता येत नाही. व्हिडिओला मात्र ही सोय नाही, तिथे वेगळी परवानगी लागते. म्हणून छोट्या कलाकारांचे व्हिडिओ कधीही उडू शकतात.

तेव्हा कव्हर आवडलं की तिथल्या तिथे गाणाऱ्याचं नाव, वर्ष आणि दिसला तर आयएसआरसी वहीत लिहा. हा बारा अक्षर-अंकांचा कोड प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र असतो. कलाकार फाइल विकत देत असेल तर घेऊन टाका.

आता शोधण्याबद्दल. 'कव्हर' हा शब्द टाकून शोधू नका, कराओकेचा ढीग येतो. रचनाकाराच्या नावाने शोधा. 'टेंटेड लव्ह' सॉफ्ट सेल या ब्रिटिश बँडचं १९८१चं गाणं म्हणून सगळे ओळखतात. मीही तसंच समजत होते. ते लिहिलं एड कॉबने आणि आधी गायलं ग्लोरिया जोन्सने, ते १९६५मध्ये प्रसिद्ध झालं. श्रेयनामावलीत कॉबचं नाव शोधायला लागल्यावर मला कधी न दिसलेली रूपं दिसली. सेकंडहँडसाँग्ज या संकेतस्थळावर मूळ गाणं आणि त्याची कव्हर्स वर्षासह असतात. तिथे मी अलीकडच्या वर्षांपासून मागे जाते. ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपल जे रेडिओवरचं 'लाइक अ व्हर्जन' हे कव्हर्सचं सदर २००४पासून चालू आहे, तेही बघा.

आणखी एक: कव्हर आवडलं की गाणाऱ्याने कोणतं रूप ऐकलं होतं ते शोधा. जेफ बकलीचं १९९४चं 'हालेलुया' लिओनार्ड कोहेनच्या १९८४च्या मूळ गाण्यापेक्षा जॉन केलच्या १९९१च्या कव्हरवर उभं आहे. असं एकावरून दुसरं सापडत जातं, कुठल्याही शिफारशीपेक्षा चांगलं.

माझं मत विचाराल तर लय संथ करून घुमारा टाकला म्हणजे कव्हर झालं नाही. अरीथा फ्रँकलिनने १९६७मध्ये 'रिस्पेक्ट' गायलं तेव्हा ओटिस रेडिंगच्या गाण्यातली मागणी करणारी व्यक्तीच बदलली, पुरुषाच्या जागी बाई आली. पण काहीतरी बदललंच पाहिजे हा नियम मीच मोडते, कारण ल्यूक कोम्ब्जने २०२३मध्ये ट्रेसी चॅपमनच्या 'फास्ट कार'मधले बाईच्या तोंडचे शब्द तसेच ठेवले आणि ते मला मनापासून आवडतं.

ते चेलोवालं मात्र अजून सापडलेलं नाही. शोधताना तुमच्या कानावर पडलं, तर आधी नाव लिहून घ्या आणि मग मला कळवा.