कोल्हापुरात जमिनीत पाइप टाकून घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार ठेवता येईल का? खर्च किती?

उबदारचं आधी खोडून टाका, कोल्हापूरच्या थंडीला एक जादा पांघरूण पुरतं. हे राजापूर-उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांचं प्रकरणही नव्हे. 10 फुटांखालची माती बारा महिने साधारण 26-27 अंशांवर असते, तिचा फायदा घ्यायचा, इतकंच.

6 इंची, 100 फुटी पाइपातून ताशी 200 घनमीटर हवा ओढली आणि 36 अंशांची 29 झाली, तरी हाती जेमतेम अर्धा किलोवॅट लागतो. दीड टनी एसी सव्वापाच देतो. एका पाइपात बंगला गार करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब कागदावर मांडायला लावा.

आता खरं दुखणं. काळ्या रानातल्या एका बंगल्याला पीव्हीसी पाइप टाकला होता, सॉल्व्हंटने चिकटवलेले जोड. पहिल्याच पावसाळ्यात खोलीत कुबट वास. आर्किटेक्टचं म्हणणं, 'पाइपाला घाम सुटतो, डेह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लावा.' मी म्हणालो, नाही. जुलैत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, 22 च्या आसपास, पाइपाची भिंत 26 ची, घाम सुटेल कसा? आठ दिवस पाइपातून हवा ओढणारा पंखा बंद ठेवला. हवाच हलत नाही, तरी टोकाच्या चेंबरमध्ये घोटाभर गढूळ पाणी! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि या ओढाताणीत सॉकेट, म्हणजे पाइपाचे जोड, सुटतात. बाहेरचं पाणी आत येत होतं.

म्हणून एचडीपीई (चिवट, लवचिक प्लास्टिकचा) पाइप घ्या, जोड गरम करून वितळवून केलेले. भोवती सहा इंच मुरूम दाबा. 100 फुटांना किमान एक फूट उतार द्या, सखल टोकाला उपसता येईल असा चेंबर ठेवा. हवा आत घेणाऱ्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर उंदीर, आणि त्यांच्या मागोमाग साप.

हीट पंप, म्हणजे घरातली उष्णता बोअरमधल्या पाइपातून जमिनीत सोडणारं यंत्र, लावायचा म्हणत असाल तर टनाला साधारण 200 फूट बोअर धरा, दोन बोअरमध्ये 20 फूट अंतर. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतली उष्णता परत काढतात; आपण नुसती कोंबत राहणार, म्हणजे दरवर्षी जमीन तापत जाणार. त्याच उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापवलं तर थोडं सावरतं. बारमाही विहीर असेल तर बोअर मारूच नका. दीड टनी वॉटर-कूल्ड यंत्राला मिनिटाला 20 लिटर पाणी पुरतं, ते पाच अंश तापून परत विहिरीत. पाणी जड असेल तर मात्र कॉइलमध्ये क्षार धरतो, ती वरचेवर धुवावी लागते.

खर्च जमिनीवर अवलंबून. मुरमात जेसीबी भराभर चर मारतो, चार फुटांवर कातळ लागला की ब्रेकरचं भाडं पाइपापेक्षा जड जातं. त्याआधी स्लॅबवर पांढरा थर मारा, स्वस्तात जास्त फरक पडतो.

आणि कुणी 'घाम'च म्हणालं, तर पंखा बंद करून चेंबर दाखवा. आमच्या आर्किटेक्टने चेंबर बघितला, तरी पुढच्या नकाशात डेह्युमिडिफायर दाखवलाच.