वाचक विचारतात : पार्किंगमधला पंचकोनी दगड

प्रश्न : ताई, नुकताच मुलाकडे शिकागोला दोन महिने राहून आलो. एका रविवारी त्याने व्हाइट सॉक्सच्या बेसबॉल सामन्याला नेलं. स्टेडियमसमोरच्या पार्किंगमध्ये डांबरात बसवलेला एक पांढरा पाचकोनी दगड दिसला. दोन गाड्यांच्या मधे उभे राहून एक आजोबा हवेतच बॅट फिरवत होते आणि नात फोटो काढत होती. मुलाला विचारलं, तर म्हणाला, "असेल काहीतरी." काय आहे ते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाला माझा निरोप सांगा, त्या गावात राहून "असेल काहीतरी" म्हणू नये! तो दगड म्हणजे कॉमिस्की पार्क या जुन्या मैदानाच्या होमप्लेटची खूण. फलंदाज उभा राहतो ती जागा. 1910 ते 1990 व्हाइट सॉक्स तिथे खेळले. मैदानाच्या रेषासुद्धा डांबरावर रंगवून ठेवल्यात, पण सामन्याच्या दिवशी वर गाड्या असतात, म्हणून कुणाला दिसत नाहीत.

मी 1986 साली लग्न होऊन शिकागोत आले. पहिल्याच उन्हाळ्यात यांच्या ऑफिसातल्या एका मित्राने आम्हाला तिथे नेलं. तिकिटं स्वस्तातली, त्यामुळे जागा नेमकी खांबामागे. वरचा मजला तोलायला हे खांब होते. चेंडू टाकणारा अख्खा माणूस माझ्या खांबामागे गडप झालेला, त्यामुळे चेंडू खांबातूनच सुटल्यासारखा वाटायचा. नियम काही कळले नाहीत. पण परतलेल्या कांद्याचा वास आणि होमरन, म्हणजे आपला षटकार म्हणा, मारला की धावफलकातून उडणारे फटाके, एवढ्यावर मी खूश होते. ते फटाके म्हणजे बिल वीक या मालकाची 1960 सालची अक्कल.

आजोबा ज्या दगडावर उभे होते, तिथे कोण कोण उभं राहून गेलंय बघा. 6 जुलै 1933 ला, शिकागोत जागतिक प्रदर्शन चालू असताना, बेसबॉलचा पहिला ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंचा, सामना इथे झाला आणि त्यातला पहिला होमरन बेब रूथने मारला. हे सगळे सांगतात. मला त्याच वर्षीचा सप्टेंबर जास्त महत्त्वाचा वाटतो. कृष्णवर्णीय खेळाडूंना तेव्हा मोठ्या लीगमध्ये प्रवेश नव्हता, त्यांनी आपला ईस्ट-वेस्ट सामना याच मैदानावर सुरू केला. ब्राँझव्हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती पलीकडेच. चर्चला जाताना घालायचे कपडे घालून माणसं मॅचला यायची. 1943 साली तर 50 हजारांवर प्रेक्षक होते. 1937 मध्ये इथेच जो लुईस या मुष्टियोद्ध्याने ब्रॅडॉकला झोपवून हेवीवेटचं विजेतेपद घेतलं.

गाण्यांचंही ते मैदान होतं. 20 ऑगस्ट 1965 ला बीटल्सने एकाच दिवसात दोन कार्यक्रम केले. आणि 12 जुलै 1979 ची रात्र! डिस्कोची रेकॉर्ड आणा आणि 98 सेंटमध्ये आत या, अशी योजना होती. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात रेडिओवरच्या स्टीव्ह डाल नावाच्या निवेदकाने रेकॉर्डींनी भरलेलं खोकं मैदानाच्या मध्यात स्फोटाने उडवलं. खोक्यात न मावलेल्या रेकॉर्डी लोक वरून तबकड्यांसारख्या भिरकावत होतेच. मग हजारो जण मैदानात घुसले, बेस उपटून नेले, हिरवळीत खड्डा पडला. दुसरा सामना झालाच नाही, तो पाहुण्या डेट्रॉइट संघाला बहाल केला. पुष्कळ जण आजही हे हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. डिस्को वाढलं ते कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांमधून, आणि त्या रात्री जळलेल्या ढिगात डिस्को नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही रेकॉर्डी होत्या. गंमत म्हणजे त्याच शिकागोत वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स तेव्हा डिस्कोच वाजवत होता. त्यातून पुढे हाऊस हे नाचाचं संगीत जन्मलं.

मैदान पडलं कसं? मालकांनी संघ घेऊन फ्लोरिडाला निघून जायची धमकी दिली. 30 जून 1988 च्या मध्यरात्रीपर्यंत विधिमंडळात नव्या स्टेडियमचा कायदा व्हायला हवा होता. मतं भरेनात, तेव्हा सभागृहातलं घड्याळच थांबवलं आणि बारा वाजून गेल्यावर कायदा मंजूर झाला! नवीन स्टेडियम 1991 साली रस्त्यापलीकडे उभं राहिलं. त्यासाठी घरं पाडली ती गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली. तिथे आता खांब नाहीत, सगळं स्वच्छ दिसतं. वरच्या मजल्यावरून मात्र खेळाडू मुंग्यांएवढे.

प्रश्न : शिकागोतल्या एका मैदानावर 1988 पर्यंत दिवेच नव्हते म्हणे. खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खरं आहे. पण ते शहराच्या उत्तरेकडचं रिग्ली फील्ड, कब्स संघाचं. मी दक्षिणेकडची, व्हाइट सॉक्सवाली, त्यामुळे थोडक्यात सांगते. 1941 मध्ये दिव्यांचं सामान येऊन पडलं होतं. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी मालकांनी ते युद्धकार्याला देऊन टाकलं. नंतर मालकांनाच दिवसाचा खेळ प्रिय झाला, आणि शेजारच्या रहिवाशांनाही रात्रीचा गोंगाट नको होता. शेवटी 8 ऑगस्ट 1988 ला, म्हणजे 8-8-88 ला, मुहूर्त साधून दिवे लावले. साडेतीन डाव झाले आणि असा धो धो पाऊस आला की सामना रद्द! खेळाडू ओल्या ताडपत्रीवर पोटावर घसरत खेळले. दिव्यांखालचा पहिला पुरा सामना झाला तो 9 तारखेला.