आधी मोज, मग सोड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फाइल इथे ठेवून गेलीस, ती मी दोनदा वाचली. सोनोग्राफी आहे, सीटी स्कॅन आहे, काढलेल्या मुतखड्याचा रिपोर्ट आहे, त्यात कॅल्शियम ऑक्झलेट लिहिलंय, म्हणजे कॅल्शियमला ऑक्झलेट चिकटून झालेला खडा; हे ऑक्झलेट पालकासारख्या भाज्यांतही असतं. शेवटी तुझ्याच अक्षरातली यादी: पालक बंद, अळू बंद, टोमॅटो बंद, शेंगदाणे बंद, दूध-दही बंद. चोवीस तासांच्या लघवीचा रिपोर्ट मात्र कुठेच नाही. इतकं सोडलंस, पण लघवीत ऑक्झलेट किती जातंय हे कुणी बघितलंच नाही. मला याचा राग येतो, आणि त्यातला थोडा तुझ्यावरही आहे.

"मावशी, वर्षभर पालकाला शिवले नाही, मग हे ऑक्झलेट येतं कुठून?" असं विचारलंस. तुझ्या लिव्हरमधून. लघवीतल्या ऑक्झलेटचा मोठा वाटा, बहुतेकांत निम्मा किंवा त्याहून जास्त, शरीर स्वतःच बनवतं, आणि तेही मुख्यतः लिव्हरमध्ये. तिथे ग्लायकोलेटपासून ग्लायऑक्झिलेट तयार होतं. हे ग्लायऑक्झिलेट म्हणजे आपल्या ठाण्यातला तीन हात नाका समज, इथून तीन वाटा फुटतात. एजीटी नावाचं एन्झाइम त्याला ग्लायसिनकडे वळवतं, त्यातून काही बिघडत नाही. दुसरं एक एन्झाइम त्याला मागे ग्लायकोलेटकडे पाठवतं. या दोन वाटांनी जे निघत नाही, ते एलडीएच हे एन्झाइम ऑक्झलेटमध्ये बदलतं. आणि ऑक्झलेट मोडणारं एन्झाइम माणसाकडे नाहीच. किडनीने ते बाहेर टाकायचं, एवढाच मार्ग उरतो.

आता ज्या गोष्टी तू यादीत लिहिल्याच नाहीस, त्यांच्याकडे ये. त्वचेसाठी कोलॅजन पावडर घेतेस, असं जाता जाता बोललीस. कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलीन नावाचं अमिनो ॲसिड भरपूर असतं, आणि ते मोडताना ग्लायऑक्झिलेटच बनतं. सोबत रोज हजार मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी. तिचाही काही भाग शरीरात मोडून ऑक्झलेट होतो. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांना मुतखडा होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. बायकांमध्ये तसा स्पष्ट संबंध दिसलेला नाही, हेही सांगते. पण तुला खडा झालेला आहे, मग ही गोळी हवी कशाला? आवळा खा, लिंबू पीळ. पावडर आणि गोळी आजच बंद कर. एवढ्या दोन गोष्टींसाठी मोजायची वाट बघू नकोस. बाकी सगळ्यासाठी मात्र आधी मोज, मग सोड.

दूध-दही कुणी बंद करायला सांगितलं? खड्यात कॅल्शियम आहे म्हणून कॅल्शियम तोडायचं, हा हिशोब उलटा आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम नसलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं. इटलीत १२० पुरुषांना पाच वर्षं दोन वेगवेगळे आहार दिले, त्याचा निकाल २००२ साली आला. पुरेसं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार बेताचा, अशा गटात खडे परत होण्याचं प्रमाण कमी कॅल्शियमवाल्यांच्या जवळपास निम्मं होतं. तेव्हा वाटीभर दही जेवणासोबतच घे, मधल्या वेळेला नको. पालक खावासा वाटलाच तर उकडून पाणी फेकून दे. टोमॅटो खुशाल खा, त्यात ऑक्झलेट फार नसतं.

तुला वाटेल, मावशी मोजण्याचं एवढं का धरून बसली आहे. लॅबमध्ये होते तेव्हा एका लहान मुलाचे नमुने वारंवार यायचे. सारखे खडे. प्रत्येक चिठ्ठीवर 'पालक टाळा'. त्याची आई म्हणायची, हा पालेभाजीला हातच लावत नाही हो. मी वर सांगत राहिले, याचं ऑक्झलेट मोजा, एवढ्या लहान वयात पुन्हा पुन्हा खडे होतात तेव्हा दोष लिव्हरमध्ये असू शकतो. कुणी मनावर घेतलं नाही. मोजलं तेव्हा किडन्या गेल्या होत्या. एजीटी एन्झाइमच जन्मतः सदोष होतं. त्या काळी लिव्हर बदलण्याखेरीज मूळ इलाज नव्हता. आज लिव्हरमधलं ग्लायकोलेट ऑक्सिडेज, म्हणजे ग्लायकोलेटचं ग्लायऑक्झिलेट करणारं एन्झाइम, बनणंच रोखणारं लुमासिरान हे इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालेलं. काहींना तर व्हिटॅमिन बी-सिक्सनेही फरक पडतो, कारण एजीटीला ते लागतंच. पण तू आपल्या मनाने बी-सिक्सचे मोठे डोस सुरू करशील, तर खबरदार. नसांना इजा होते. लॅबमध्ये मला हट्टी म्हणायचे, अर्धवट नमुने परत पाठवते म्हणून. पाठवायचेच. चुकीच्या आकड्यावर माणूस आयुष्यभर पथ्य पाळतो.

तुझा दोष जन्मजात असेल असं मला वाटत नाही, तो फार विरळा असतो. तरीही मोज. रविवार धर, ऐरोलीचं ऑफिस नाही, लोकल नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून दे, वेळ लिही. तिथून पुढची प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये, सोमवारी सकाळची पहिली धरून. कॅनमध्ये ॲसिड असतं, थेट त्यात करू नकोस, भांड्यात घेऊन ओत. लॅब सांगेल तसा थंड ठेव. एकदा जरी राहिलं तरी नमुना फेक आणि पुढच्या रविवारी पुन्हा कर. व्हिटॅमिन सी काही दिवस आधीच बंद हवं, नाहीतर आकडा फुगतो.

रिपोर्ट आला की आधी क्रिएटिनिन बघ, नमुना पूर्ण आहे की नाही ते त्यावरून कळतं. मग एकूण लघवी. अडीच लिटरच्या आत असेल, तर ऑफिसात बाथरूमला जायचा कंटाळा सोडावा लागेल. किती ग्लास प्यायलीस ते मला सांगू नकोस, किती लघवी झाली ते सांग. मग ऑक्झलेट. दिवसाला ४०-४५ मिलिग्रॅमच्या आत असेल, तर तुझ्या यादीतली बरीचशी बंदी उगीचच आहे, मग सायट्रेट, कॅल्शियम, सोडियम बघू. थोडं वर असेल तर पावडर-गोळी बंदच ठेवून आणि दही चालू ठेवून पुन्हा मोजू. पुन्हा पुन्हा ९० च्या वर आलं, तर मला फोन नको, सरळ किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं आणि जनुकीय तपासणीबद्दल स्वतः तोंड उघडून विचारायचं.

फाइल माझ्याकडेच आहे. रिपोर्ट घेऊन ये, मग यादी फाडायची की ठेवायची ते ठरवू.

तुझी
मावशी
नौपाडा, ठाणे