वंशसंहारातल्या मृतांसाठी उपासना: तुझ्या आराखड्याबद्दल

प्रिय,

सप्रेम सलाम.

9 डिसेंबरच्या उपासनेचा तुझा आराखडा वाचला. नव्वद मिनिटं, सहा वंशसंहार, शंभर मेणबत्त्या, पडद्यावर छायाचित्रं आणि शेवटी सर्वांच्या वतीनं क्षमेची प्रार्थना. काम मनापासून झालं आहे, पण यातलं निम्मं काढावं लागेल. का, ते आधीच सांगते. गोष्ट एकच: अशा उपासनेत मृतांची नावं घ्यायची असतात, त्यांच्या वतीनं बोलायचं नसतं. खाली जे लिहिलं आहे ते सगळं त्यातूनच निघतं.

पहिल्यांदा तारीख. वंशसंहाराविरुद्धचा करार संयुक्त राष्ट्रांनी 9 डिसेंबर 1948 रोजी मंजूर केला, आणि 2015 मध्ये हाच दिवस सर्व वंशसंहारांतल्या बळींच्या स्मरणाचा ठरवला. नाताळाआधीच्या आगमनकाळातला दिवस असल्यामुळे ‘प्रभू, कोठवर?’ हा सूर तिथे शोभतोही. पण ‘सर्व बळी’ म्हटलं की कुणीच समोर उभं राहत नाही. सहा वंशसंहार घेतलेस तर प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं येतील आणि आर्मेनियातलं मूल, आउश्वित्झच्या नाझी छावणीतली आजी, बोस्नियाच्या स्रेब्रेनित्सातला तरुण हे सगळे ‘बळी’ या एकाच शब्दात विरघळतील. म्हणून एक घे. तुझ्या टिपणांत रवांडाबद्दलचा मजकूर सर्वांत भक्कम आहे, तोच ठेव. बाकीच्यांना त्यांचा त्यांचा दिवस आहे: यहुद्यांसाठी 27 जानेवारी, आर्मेनियनांसाठी 24 एप्रिल, स्रेब्रेनित्सासाठी 11 जुलै, युरोपातल्या रोमा लोकांसाठी 2 ऑगस्ट, इराकमधल्या यझिदींसाठी 3 ऑगस्ट.

पुढच्या वर्षी रवांडाच्या स्मरणदिनी, 7 एप्रिललाच उपासना ठेवायची असेल तर पंचांग आधी पाहा. 1994 मध्ये पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) 3 एप्रिलला होता आणि हत्याकांड 7 तारखेला, त्याच आठवड्यात, सुरू झालं. 2023 मध्ये 7 एप्रिल हा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) होता. तारीख पुनरुत्थानकाळात आली की गायकवृंद सवयीनं हालेलूया सुरू करतो. त्यांच्याशी निदान दोन आठवडे आधी बोलून ठेव.

आता शब्द. तू ‘रवांडातील हिंसाचार’ लिहिलं आहेस. हिंसाचाराला कर्ता नसतो. तिथे हुतू सत्ताधाऱ्यांनी तुत्सी समाजाला संपवायला काढलं होतं. 2018 पासून संयुक्त राष्ट्रं त्या दिवसाच्या नावातच ‘तुत्सींविरुद्धचा 1994 चा वंशसंहार’ म्हणतात, तू तेच म्हण. तुत्सींना वाचवू पाहणारे आणि सत्तेला विरोध करणारे हुतूही मारले गेले. त्यांचा उल्लेख जरूर कर, पण ‘दोन्ही बाजूंचे बळी’ अशी वाक्यरचना करू नकोस. ती वंशसंहार नाकारणाऱ्यांची लाडकी रचना आहे. ‘नरसंहार’ आणि ‘वंशसंहार’ यांतही फरक ठेव. करारानुसार वंशसंहार म्हणायला राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाला गट म्हणून पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असावा लागतो. मृतांचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून हा शब्द ठरत नाही. आकड्याबाबत एवढंच: संयुक्त राष्ट्रं पूर्वी आठ लाखांहून अधिक म्हणत, आता ती आणि रवांडाचं सरकार दोघंही दहा लाखांहून अधिक म्हणतात. हे छापील पत्रिकेत एका ओळीत दे. प्रार्थनेत आकडा नको, देवाला तो माहीत आहे.

‘रक्तसाक्षी’ हा शब्दही खोड. कळतं, तो आपल्या ओठांवर सहज येतो. पण त्या माणसांना विश्वासासाठी मारलं नाही, तुत्सी म्हणून मारलं, आणि मारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. आर्मेनियन अपोस्तलिक मंडळीनं 23 एप्रिल 2015 रोजी आपल्या मुख्य पीठात, एच्मियाड्झिनला, 1915 च्या वंशसंहारातल्या बळींना संत म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून ती मंडळी त्यांच्या आत्म्यांसाठी शांतीची प्रार्थना करत नाही, त्यांची मध्यस्थी मागते. तो त्यांचा अधिकार, त्यांच्याच माणसांबद्दलचा. आपण तो शब्द उसना घेऊन दुसऱ्या कुणाला चिकटवायचा नाही. यहुदी किंवा यझिदी मृतांबद्दल ‘ख्रिस्तात निजलेले’ म्हणणंही त्यातच आलं. आउश्वित्झच्या कडेच्या इमारतीत 1984 मध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संघाच्या जोगिणी प्रार्थनेसाठी राहायला आल्या. हेतू निर्मळ होता, तरी जगातल्या सर्वांत मोठ्या यहुदी दफनभूमीवर क्रूस उभा राहतोय असं यहुद्यांना वाटलं, आणि वाद तिथून 1993 मध्ये त्यांनी जागा बदलेपर्यंत चालला. प्रार्थना करणाऱ्याचा हेतू चांगला असणं पुरेसं नसतं, हे त्या नऊ वर्षांइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही.

नावांच्या वाचनाकडे येऊ, कारण उपासनेचा गाभा तोच आहे आणि तू त्याला फक्त तीन मिनिटं दिली आहेस. नाव, वय आणि गाव सावकाश वाचायला साधारण 5 सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला 12. दहा मिनिटं दे, 120 नावं होतील. आठ लाख नावं याच गतीनं अखंड वाचली तर 46 दिवस लागतील. हे गणित पत्रिकेत एका वाक्यात छाप, मंडळीला आकड्याचा अर्थ तिथे कळेल. (स्रेब्रेनित्साच्या स्मारकशिळेवर 8,372 हा आकडा कोरला आहे. तेवढ्या नावांनाही साडेअकरा तासांहून अधिक लागतील.)

नावं स्मारकाच्या नोंदींतून किंवा वाचलेल्यांच्या संस्थेकडून, परवानगी घेऊनच घे. इंटरनेटवर कुणीतरी उतरवलेली यादी नको, त्यात जिवंत माणसांची नावंही निघतात. रवांडात आडनाव वारशानं येतंच असं नाही. बापाचं एक नाव, मुलाचं वेगळं. यादी आडनावानुसार लावलीस तर कुटुंबं फुटतील, म्हणून घर आणि गाव यानुसार लाव. फक्त मुलांची नावं निवडू नकोस. रडू लवकर येतं म्हणून आपण मुलं निवडतो, आणि मग साठ वर्षांचा शेतकरी दुसऱ्यांदा गळतो. दोन वाचक ठेव, आळीपाळीनं, प्रत्येकाला 60 नावं. किन्यारवांडा ही तिथली भाषा येणाऱ्या माणसाकडून उच्चार ऐकून ते देवनागरीत लिहून घे. अक्षर मोठं, दोन ओळींत भरपूर जागा. दोन तालमी हव्यात. पहिल्या तालमीत वाचक हमखास धावतात, कारण अनोळखी नावांची लाज वाटते. वाचताना कुणाचा आवाज भरून आला तर थांबू दे, पण जोडीदारानं पुढचं नाव घ्यायला तयार असावं. ‘आणि इतर अनेक’ हे शब्द यादीच्या शेवटी नकोत. 120 वं नाव झालं की वाचकांनी कागद मिटून उभं राहायचं, बस.

त्यानंतर शांतता. तीन मिनिटं म्हणून जाहीर कर आणि घड्याळ लावून तीनच पाळ. अंदाजानं पाळलेली तीन मिनिटं दीड मिनिटात संपतात, कारण पुढे उभ्या माणसाला ती जास्त वाटतात. ऑर्गन वाजवणाऱ्याला लेखी सांग की मागे हलकं संगीत नको. सुरुवातीला आणि शेवटी घंटेचा एकेक ठोका.

मेणबत्त्या शंभर नकोत. हत्याकांड चाललेल्या दिवसांची संख्या म्हणून तू शंभर धरल्या आहेस हे दिसतं, पण शंभर माणसं रांगेनं पुढे यायला वीस मिनिटं जातील, मेण सांडेल, धुराचा गजर वाजेल आणि लोक मृतांऐवजी रांगेकडे पाहतील. एक मोठी, नावांच्या आधी पेटवलेली, पुरे. सहाही नकोत. सहा मेणबत्त्या नाझींनी मारलेल्या साठ लाख यहुद्यांच्या स्मरणाची खूण आहे. छायाचित्रंही काढ. मृतदेहांची तर नकोतच. त्या माणसाला तशा अवस्थेत पाहिलं जाण्याची परवानगी कुणी विचारली नव्हती.

वचनांत तू स्तोत्र 23 घेतलं आहेस. सुंदर आहे, पण इथे फार लवकर दिलासा देतं. स्तोत्र 88 घे. ते अंधारातच संपतं, आणि त्याच्या शेवटी गोड ओळ जोडायचा मोह आवर. नाहीतर स्तोत्र 13 घे, ज्यात पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ चार वेळा येतं. दुसरा पाठ उत्पत्ति 4:10: हाबेलाचं रक्त भूमीतून ओरडतं, आणि देव ऐकतो तो आवाज मारणाऱ्याचा नसतो. 27 जानेवारीला कधी उपासना घेतलीस तर मत्तय 27:25 पाठांत येऊ देऊ नकोस. ‘त्याचं रक्त आमच्यावर’ या वाक्यानं शतकानुशतकं यहुद्यांचे जीव घेतले. कॅथलिक मंडळीनं तो सामूहिक दोषारोप 28 ऑक्टोबर 1965 च्या घोषणेत, म्हणजे फार उशिरा, नाकारला.

यावरून पापकबुली. तुझा मसुदा म्हणतो, ‘मानवजातीनं पाप केलं.’ मानवजात सोपी असते, तिच्यात आपण दिसत नाही. रवांडात आधीच्या हल्ल्यांत चर्चमध्ये आसरा घेतलेले लोक वाचले होते, म्हणूनच 1994 मध्ये हजारो जण पुन्हा तिकडेच धावले. न्यामाता आणि न्तारामा इथली चर्चं आज स्मारकं आहेत. न्यांगेत आत कोंडलेल्या माणसांवर चर्चची इमारत बुलडोझरनं पाडली गेली, आणि त्या धर्मग्रामाचा फादर अथानास सेरोम्बा याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं 2008 मध्ये जन्मठेप दिली. 20 मार्च 2017 रोजी पोप फ्रान्सिस यांनी मंडळीच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांसाठी देवाकडे क्षमा मागितली. कबुलीत हे ठिकाणासकट, क्रियापदासकट आलं पाहिजे. मसुदा असा करून पाहा: ‘प्रभू, ज्यांनी तुझ्या घरात आसरा घेतला त्यांना तुझ्या नावानं ओळखल्या जाणाऱ्यांनी मारलं. काही मेंढपाळांनी दारं उघडून दिली. आम्ही हे ऐकलं आणि सबबी शोधल्या.’ एवढं पुरे. कर्मणी प्रयोग जिथे जिथे सापडेल तिथे विचार, कुणी?

याच ठिकाणी फेलिसिते नियितेगेका या कॅथलिक सेविकेची आठवण करता येईल. गिसेन्यीत तिला सुटकेचा मार्ग खुला होता, तरी आपल्याकडे आसऱ्याला आलेल्या तुत्सींना सोडून ती गेली नाही आणि त्यांच्यासोबत मारली गेली. पण दोन मिनिटांच्या वर नको. वाचवणाऱ्यांच्या कथा ऐकायला बऱ्या वाटतात, आणि उपासना संपल्यावर लोक तेवढ्याच घरी नेतात.

आता तुझी क्षमेची प्रार्थना. ती पूर्ण काढ. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याऐवजी तू क्षमा देऊ शकत नाहीस. क्रूसावर ‘बापा, त्यांना क्षमा कर’ म्हणणारा स्वतः मार खात होता. प्रभूची प्रार्थना अर्थातच ठेव, पण तिचे शब्द नीट पाहा: आपण सोडतो ते आपल्या ऋण्यांचं ऋण. दुसऱ्याच्या ऋण्याचं ऋण माफ करण्याची सोय त्यात नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनांत वाचलेल्यांसाठी, अजून ज्यांचे अवशेष सापडले नाहीत त्यांच्या घरच्यांसाठी, साक्षीदारांसाठी, न्यायाधीशांसाठी, आणि मारणाऱ्यांना सत्य बोलण्याची बुद्धी मिळावी म्हणून माग. पाच विनंत्या, प्रत्येक दोन वाक्यांची. मृतांसाठी प्रार्थना करावी का, यावर आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत. संयुक्त उपासना असेल तर ‘तू त्यांना विसरत नाहीस’ हे वाक्य कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही मोकळेपणानं म्हणू शकतात.

कुणी वाचलेली व्यक्ती येणार असेल तर सहा आठवडे आधी भेट. बोलायचं आहे का, आणि काय विचारलेलं नको आहे, हे दोनच प्रश्न. प्रवासखर्च मंडळीचा. खुर्ची दाराजवळची, पहिल्या रांगेतली नाही. चित्रीकरण विचारल्याशिवाय नाही, मिठी मारायला कुणाला पुढे ढकलायचं नाही, ‘तुम्ही क्षमा केलीत का?’ हा प्रश्न तर कुणाच्याच तोंडी येऊ नये. स्मरणाच्या दिवसांत रवांडात अनेकांना आघात पुन्हा उसळून येतो, श्वास कोंडतो. त्याला तिथे ‘इहाहामुका’ म्हणतात. शेजारची एक शांत खोली, पाणी, आणि अशा वेळी काय करायचं याचं प्रशिक्षण असलेलं एक माणूस ठेव. भोवती गोळा होऊन हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना सुरू करणारे भाविक प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना दुसरं काम देऊन ठेव, दारावर पत्रिका वाटायचं.

प्रवचन सात मिनिटं. सगळं मिळून पन्नास मिनिटांत बसतं.

दानपेटीतले पैसे कुठे जाणार ते पत्रिकेत छाप: वाचलेल्यांची संस्था किंवा स्मारकाची देखभाल, आपल्या छपरासाठी नाही. आणि सोबत उभं राहणं एका संध्याकाळचं नसतं, म्हणून युवकसंघासाठी एक काम सुचव. 1993 पासून रवांडातलं एक रेडिओ केंद्र तुत्सींना ‘इन्येंझी’, म्हणजे झुरळं, म्हणत होतं, आणि ऐकणारे हसत होते. आपल्या मंडळीच्या गटसंदेशांत कुठल्याही समाजाला किडा, घाण, रोग म्हणणारा मजकूर आला की त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, नाव घेऊन आक्षेप नोंदवायचा. कोण नोंदवणार, हे पाळीनं ठरवा. वर्षभरासाठी बारा नावं लागतील.

उच्चार तपासून यादी तयार झाली की दुसरा आराखडा पाठव. कबुलीचा मसुदा आधी पाळकांना दाखव. ते ‘काही मेंढपाळांनी’ हे शब्द गाळायला सांगतील. गाळू नकोस, न्यांगेचा निकाल सोबत ने.

प्रभूत तुझी