टॅक्सोनॉमीत यायचं म्हणतेस, तर

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. एम.एस्सी. झाली, घरून बी.एड.चा आग्रह सुरू आहे, मैत्रिणीने औषध कंपनीतल्या क्वालिटी कंट्रोलच्या जागेचं सुचवलंय, आणि तुला मात्र सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या सपाट कातळांवरच्या, वनस्पतींचं वर्गीकरण करायचंय. ‘मॅडम, टॅक्सोनॉमीत करिअर होतं का?’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ असं आहे. फक्त ‘टॅक्सोनॉमिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसते. जागा निघतात, पैसेही असतात, पण ते निरनिराळ्या नावांखाली विखुरलेले असतात, आणि ज्याच्या हाताशी एखादा गट पक्का आहे त्यालाच ते मिळतात. म्हणून शिष्यवृत्त्यांच्या आधी गटाबद्दल लिहिते.

‘पश्चिम घाटाची फ्लोरा’, म्हणजे तिथल्या सगळ्या वनस्पतींची वर्णनासह यादी, असा विषय घ्यावा असं तुझ्या मनात आहे. तो घेऊ नकोस. तालुक्याची किंवा जिल्ह्याची फ्लोरा करून पीएच.डी. मिळते, पण शेवटी वनस्पतींच्या शंभर फॅमिल्या, म्हणजे कुळं, थोडी थोडी येत असतात आणि एकही पुरतं येत नाही. एक जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा एक गट, धर. तू पाठवलेल्या फोटोंत निम्मे फोटो गेंदाचे, म्हणजे एरिओकॉलॉनचे आहेत, तेव्हा तुझा कल कुठे आहे हे उघड आहे. भारतात या जीनसच्या शंभराच्या आसपास प्रजाती आहेत, त्यातल्या पुष्कळ पश्चिम घाटात. कासला किंवा कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात उभं राहिलं तर सगळे गेंद सारखेच वाटतात. ओळख पटते ती सूक्ष्मदर्शकाखाली. सुकलेला गेंद पाण्यात उकळून मऊ करायचा आणि दोन सुयांनी एकेक फूल सोडवायचं. फूल जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. निदलं सुटी आहेत की जोडलेली, पाकळीच्या टोकाला काळी ग्रंथी आहे का, परागकोश काळे की पांढरे, बीजाच्या सालीवरचे उंचवटे कसे आहेत, हे सगळं बघून, मोजून, चित्र काढून ठेवायचं. एका गेंदापायी अर्धा दिवस सहज जातो. तेवढा वेळ बसून तुला उठावंसं वाटत नसेल, तर बाकीची चिंता आपण मिळून करू.

नवी प्रजाती सापडावी असं प्रत्येकाला वाटतं आणि त्यात गैर काही नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या नोंदींनुसार २०२३ या एका वर्षात देशाच्या प्राणियादीत ६४१ प्रजातींची भर पडली, त्यातल्या ४४२ विज्ञानाला पूर्णपणे नव्या होत्या. म्हणजे काम भरपूर शिल्लक आहे. पण गटाचा माणूस तयार होतो तो रिव्हिजनमधून. जीनसमधलं प्रत्येक जुनं नाव काढायचं, ते कोणी, कधी, कुठल्या नमुन्यावरून दिलं हे शोधायचं, तो टाइप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं बांधलेलं आहे तो मूळ नमुना, बघायचा आणि मग ते नाव आजच्या कोणत्या वनस्पतीला लागू पडतं ते ठरवायचं. थिओडोर कुकची मुंबई इलाख्याची फ्लोरा १९०१ ते १९०८ दरम्यान खंडाखंडांनी निघाली. त्या काळातले आणि त्याआधीचे आपल्याकडचे कितीतरी टाइप नमुने आज लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आहेत, काही कोलकात्याजवळ हावड्याला. ते न बघता घाईने छापलेली ‘नवी’ प्रजाती काही वर्षांत जुन्याच कुठल्यातरी नावाखाली जाऊन पडते. तू रिव्हिजन नीट केलीस तर नव्या प्रजाती त्यातून आपोआप बाहेर येतील आणि टिकतील.

आता शिकायचं कुठे? या बाबतीत तुझं नशीब चांगलं आहे. पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिमेकडचं केंद्र १९५५ पासून आहे. १९४६ साली सुरू झालेल्या आघारकर संशोधन संस्थेत हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे, शिवाय बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र. मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आणि १८८३ पासूनची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादवांनी कंदीलपुष्पांवर आणि गवतांवर काम करत विद्यार्थ्यांची एक फळी उभी केली. एका दिवसाच्या प्रवासात एवढे संग्रह देशात फार कमी मुलांना मिळतात.

हर्बेरियममध्ये जाण्याआधी क्युरेटरना रीतसर पत्र लिही: कोणता जीनस, कोणत्या शीट्स (नमुने चिकटवलेले कागद), किती दिवस. शीट कधीही पालथी करू नकोस, वहीच्या पानासारखी उलटू नकोस, आडवी धरूनच हलव. फूल उकळायला काढायचं असेल तर परवानगी घे आणि उरलेले तुकडे शीटवरच्या पाकिटात परत ठेव. तुझं मत वेगळं पडलं तर जुनी चिठ्ठी खोडायची नाही. स्वतःची डिटरमिनेशन स्लिप, म्हणजे आपण ठरवलेल्या नावाची चिठ्ठी, तारखेसह शेजारी चिकटवायची. आणि हातमोजे घाल. जुन्या शीट्सवर कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड वापरलेलं असतं आणि ते विष आजही तिथेच असतं. दोन महिने असं बसलीस की तिथली माणसं तुला ओळखायला लागतील. प्रोजेक्टवर जेआरएफची (ज्युनियर रिसर्च फेलोची) जागा निघते तेव्हा ती कळते ती अशाच ओळखीतून, आणि मुलाखतीला बसलेल्या शास्त्रज्ञांनी तुझं काम आधीच पाहिलेलं असतं.

स्वतःचे नमुने गोळा करताना संग्राहक क्रमांकांची एकच मालिका आयुष्यभर चालू ठेव. दरवर्षी एकपासून सुरुवात करणाऱ्यांच्या नोंदी पुढे कोणालाच लावता येत नाहीत. प्रत्येक क्रमांकाची तीन-चार डुप्लिकेट्स कर. नमुने ज्यात दाबून सुकवतो ती वर्तमानपत्रं पावसाळ्यात रोज बदलावी लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. पाकळीचा रंग, पाणी किती खोल होतं, खडक कसला होता, हे तिथेच लिही. सुकल्यावर रंग कळत नाही. आणि त्याच झाडाचं थोडं पान सिलिका जेलमध्ये टाक. आज तुझ्याकडे डीएनएसाठी पैसे नसतील, पण पुढे मिळाले तर तोच सडा, तेच झाड पुन्हा गाठायला नको. वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅटके या दोन जनुकांचा बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायची डीएनएची खूण, २००९ मध्ये ठरला. जवळच्या प्रजाती वेगळ्या करायला तो पुष्कळदा अपुरा पडतो, म्हणून डीएनएचे आयटीएससारखे भागही बघावे लागतात. हे सगळं शीक. सुई आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र) दोन्ही चालवता येणाऱ्या मुलीला आज जास्त दारं उघडी आहेत.

पैशांचं स्पष्टच सांगते. फेलोशिपशिवाय पीएच.डी. सुरू करू नकोस. ‘आधी नोंदणी कर, पैशांचं बघू’ असं सांगणारे मार्गदर्शक भेटतात. त्यांच्या भरवशावर चांगल्या मुली मी अर्ध्यात सोडून जाताना पाहिल्या आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारा जेआरएफ पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं. आपली मुलं लाइफ सायन्सेसच्या पेपरला घाबरतात, कारण त्यात रेण्वीय जीवशास्त्राचा भार असतो. पण अभ्यासक्रमातली नववी, दहावी आणि अकरावी ही प्रकरणं, म्हणजे जीवविविधता, परिस्थितिकी आणि उत्क्रांती, ही तुझ्या घरची आहेत. तीन प्रकरणं पूर्ण कर, त्यांच्या जोडीला जनुकशास्त्र आणि वनस्पती शरीरक्रिया घे. पहिल्या खेपेला नाही जमलं तर पुढच्या खेपेला बस. विद्यापीठात पहिली आली असशील तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर फेलोशिपला अर्ज कर. घरच्या परिस्थितीनुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप बघ, त्यांच्या जाहिराती ठरलेल्या महिन्यात येतीलच असं नाही, म्हणून संकेतस्थळावर लक्ष ठेव. पीएच.डी.नंतर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, तिला सर्वसाधारणपणे ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. मध्ये वर्षं वाया घालवू नकोस हे त्यासाठीही सांगतेय.

छोटी अनुदानं लोकांना माहीतच नसतात. वनस्पती वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएपीटीची, तरुण संशोधकांसाठी संशोधन अनुदानं असतात. लंडनची लिनियन सोसायटी आणि सिस्टिमॅटिक्स असोसिएशन मिळून एक निधी चालवतात. तुझा तो मित्र कोळ्यांवर काम करतोय ना, त्याला हार्वर्डच्या संग्रहालयाचं अर्न्स्ट मायर प्रवास अनुदान सांग. ते प्राण्यांच्या वर्गीकरणासाठी, संग्रह पाहायला जाण्यासाठीच आहे. सड्यांच्या संवर्धनाशी काम जोडता आलं तर रफर्ड फाउंडेशनकडे अर्ज करता येतो. अशा अर्जात ‘जैवविविधतेचं महत्त्व’ यावर एकही परिच्छेद घालवू नकोस. मला कोणत्या संग्रहातल्या कोणत्या शीट्स बघायच्या आहेत, फोटोवरून का भागत नाही, आणि त्यातून कोणत्या नावाचा निकाल लागेल, एवढं लिही. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा असा अर्ज दुसऱ्या ओळीतच वेगळा दिसतो.

प्रशिक्षणासाठी क्यूमध्ये उष्ण कटिबंधीय वनस्पती ओळखण्याचा छोटा कोर्स असतो, आणि क्वीन मेरी विद्यापीठाबरोबर वनस्पती व बुरशी वर्गीकरणाचा एम.एस्सी. अभ्यासक्रमही. तो महाग आहे, शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून जाऊ नकोस. वंशवृक्ष काढायचं तंत्र घरबसल्या शिकता येतं, आयक्यू-ट्री आणि मिस्टरबेझसारखी सॉफ्टवेअर फुकट आहेत. जुनं साहित्य बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट मिळतं. आमच्या वेळी एका पानाच्या झेरॉक्ससाठी कोलकात्याला पत्र पाठवून महिनाभर वाट बघावी लागे.

नोकऱ्या. वनस्पती आणि प्राणी सर्वेक्षणात शास्त्रज्ञांच्या जागा कमी आणि उशिरा निघतात, त्यांच्यावरच अवलंबून राहू नकोस. कर्मचारी निवड आयोगाच्या ‘सिलेक्शन पोस्ट’ जाहिरातींत या संस्थांची सहायकाची तांत्रिक पदं अधूनमधून असतात, पण आपली मुलं ती जाहिरात उघडतच नाहीत. प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम तपासणाऱ्या सल्लागार कंपन्यांना परिस्थितिकी व जैवविविधतेचा तज्ज्ञ लागतो. तिथे काम करावं लागलं तर कर, पण जी प्रजाती पाहिली नाही ती यादीत लिहू नकोस आणि जी पाहिली ती कोणाच्या सांगण्यावरून गाळू नकोस. आयुर्वेदिक कच्च्या मालाची ओळख पटवून देणाऱ्यांची गरज वाढतेच आहे. बंदरांवर आणि विमानतळांवर वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्रं आहेत, तिथे आलेल्या मालातला किडा किंवा तणाचं बी ओळखावं लागतं.

ओळखीची किंमत काय असते ते पपईवरच्या पिठ्या ढेकणावरून बघ. २००८ मध्ये तो कोइम्बतूरकडे दिसला, पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला. फवारण्या करून शेतकरी थकले. कीटकांच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी तो पॅराकॉकस मार्जिनेटस आहे हे ठरवलं, म्हणजे त्याचं मूळ मेक्सिकोकडचं हे कळलं, आणि त्याचे तिकडचे नैसर्गिक शत्रू आधीपासून माहीत होते. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून एक चिमुकली परजीवी गांधीलमाशी, ॲसेरोफॅगस पपाये, आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली. नाव चुकलं असतं तर भलतीच माशी आणली गेली असती. घरी बाबांना ‘याचा उपयोग काय’ हे सांगायचं असेल तर हे सांग. तुमच्याकडे पपई आहेच.

कायद्याकडे दुर्लक्ष नको. अभयारण्यात नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला महिने लागतात, म्हणून पावसाळ्यासाठीचा अर्ज हिवाळ्यातच टाक. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती अधिकृत संग्रहाला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. नमुना परदेशी पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाच. ‘पुडीत घालून पाठव’ असं परदेशातला कितीही मोठा माणूस म्हणाला तरी नाही म्हण.

शोधनिबंधांसाठी ‘ऱ्हीडिया’ आणि ‘फायटोटॅक्सा’ ही नियतकालिकं बघ. फायटोटॅक्सात ओपन ॲक्सेस (निबंध सर्वांना फुकट वाचता येणं) नको असेल तर लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत. आठवड्यात छापून देतो, पैसे भरा, असा ईमेल आला तर तो डिलीट कर. निवड समित्या इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या अलीकडच्या निबंधांचे संदर्भ सरासरी किती दिले जातात तो आकडा, विचारतात आणि त्यात आपला विषय मार खातो, कारण रिव्हिजनचे संदर्भ पन्नास वर्षं दिले जातात, दोन वर्षांत नाही. २०२० मध्ये तर ‘झूटॅक्सा’ या प्राणी वर्गीकरणाच्या नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून काढलं होतं आणि जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी आवाज उठवल्यावर परत घेतलं. या अन्यायाविरुद्ध आम्ही बोलत राहू. तू दरवर्षी एक चांगला निबंध लिहीत राहा.

येत्या महिन्यात तीन गोष्टी कर. या पावसाळ्यातल्या गेंदांच्या शीट्स क्रमांकवार लाव आणि डुप्लिकेट्स घेऊन माझ्याकडे ये. सूक्ष्मदर्शक मोकळा आहे, गुरुवारी दुपारी बसू. क्युरेटरना लिहायच्या पत्राचा कच्चा मसुदा आधी मला दाखव. नेटचा फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, सर्व्हर बंद पडतो. शिफारसपत्र मी आनंदाने देईन, पण कोणत्या अर्जासाठी आणि कोणत्या कामासाठी हे पंधरा दिवस आधी कळव, कारण प्रत्येक अर्जाचं पत्र मी वेगळं लिहिते.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम